बोलीची भाषा: पत्त्यांच्या खेळांत बोलीचे डावपेच कसे घडले

प्रस्तावना

तुमच्या हातात पुढील तेरा पाने आली आहेत असे समजा. इस्पिक: एक्का, राजा, दश्शी, सत्ती, चव्वी. बदाम: राजा, राणी, छक्की. चौकट: अठ्ठी, पंजी. किलवर: एक्का, नव्वी, तिर्री. पाने चांगली आहेत. पण ती किती चांगली आहेत, आणि त्यांवर तुम्ही काय बोलावे, या प्रश्नाचे उत्तर पानांत नाही. तुम्ही कोणता खेळ खेळत आहात, त्यात गुण कसे मोजतात आणि समोरच्या भिडूशी तुमचे काय ठरले आहे, यावर ते अवलंबून आहे. हीच पाने घेऊन आपण सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासातून जाणार आहोत.

सुरुवातीला शब्द निश्चित करून घेऊ. प्रत्येक खेळाडूने एकेक पान टाकले की एक ‘हात’ पूर्ण होतो. सर्वांत वरचे पान टाकणारा तो हात जिंकतो. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर या चार रंगांपैकी एका रंगाला इतरांना मारण्याचा अधिकार दिला की तो रंग ‘हुकूम’ होतो. किती हात करू आणि कोणत्या हुकमावर करू, हे खेळ सुरू होण्यापूर्वी सांगणे म्हणजे ‘बोली’.

मराठी घरांत खेळला जाणारा मेंढीकोट आठवा. तो हात जिंकण्याचाच खेळ आहे, पण त्यात बोली नाही. ‘कट हुकूम’ असेल तर ज्याच्याकडे उतारीचा रंग नसतो तो खेळाडू पहिल्यांदा दुसऱ्या रंगाचे पान टाकतो आणि तोच रंग हुकूम ठरतो. उलट ‘जजमेंट’ या खेळात प्रत्येकाला आपले नेमके किती हात होतील ते आधी सांगावे लागते. पहिल्या खेळात तुम्ही पाने खेळता, दुसऱ्यात आधी स्वतःच्या पानांची किंमत करता. ही किंमत करण्याची कला कशी वाढली, आणि वाढता वाढता तिची दोन भिडूंमधील भाषा कशी झाली, हा या पाठाचा विषय आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून ब्रिज घेतला आहे, कारण बोलीचा सर्वांत सविस्तर लिखित इतिहास याच खेळाचा आहे.

१. बोलीपूर्वीचा काळ

हुकमाची कल्पना पंधराव्या शतकातील इटलीत रुजली. बोलीची कल्पना त्यानंतर आली. सतराव्या शतकात स्पेनमधून युरोपभर पसरलेल्या ‘ओंब्र’ या तिघांच्या खेळाने ती लोकप्रिय केली. हा खेळ चाळीस पानांचा. प्रत्येकाला नऊ पाने मिळत आणि तेरा पाने मध्ये उरत. एक खेळाडू इतर दोघांविरुद्ध एकट्याने खेळण्याची जबाबदारी घेई. ही जबाबदारी कोण घेणार ते बोलीने ठरे. मधली पाने बदलून न घेता, आहेत त्या पानांवर खेळण्याची तयारी दाखवणाऱ्याची बोली वरची मानली जाई. जास्त जोखीम घेणाऱ्याला अधिकार, हे बोलीचे मूळ तत्त्व इथे स्पष्ट दिसते.

इंग्लंडमध्ये मात्र अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ‘व्हिस्ट’चे राज्य होते. एडमंड हॉइल यांची व्हिस्टवरील पुस्तिका १७४२ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिस्टमध्ये चौघे जण दोन जोड्यांत खेळतात. वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटे करून दाखवले जाते आणि त्याचा रंग हुकूम होतो. म्हणजे हुकूम नशिबाने ठरतो. आपल्या उदाहरणातील पाने व्हिस्टमध्ये आली आणि शेवटचे पान चौकटीचे निघाले, तर तुमच्या पाच इस्पिकांना विशेष मान नाही. तुम्ही त्याबद्दल काहीच करू शकत नाही.

बोलायची सोय नव्हती, म्हणून व्हिस्टचे खेळाडू पानांतूनच बोलू लागले. गरज नसताना आधी मोठे आणि मग लहान पान टाकले, तर त्याचा अर्थ ‘भिडू, हुकमाची उतारी कर’ असा घ्यायचा, असा संकेत एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. त्याला ‘ब्लू पीटर’ म्हणत. बंदरातून निघण्याच्या तयारीत असलेले जहाज जो झेंडा उभारते त्याचे हे नाव. हा संकेत सर्वांना माहीत होता, तरी तो योग्य की अयोग्य यावर खेळाडूंत मतभेद होतेच. बोलीच्या इतिहासात हा वाद पुन्हा पुन्हा उद्भवणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

२. वाटणाऱ्याचा अधिकार आणि लिलाव

१८८६ मध्ये लंडनमध्ये जॉन कॉलिन्सन यांची ‘बिरिच, ऑर रशियन व्हिस्ट’ ही छोटी पुस्तिका निघाली. या खेळात वाटणारा स्वतः हुकूम जाहीर करी, किंवा तो अधिकार भिडूकडे सोपवी. हुकमाशिवाय खेळण्याचा पर्यायही होता. वाटणाऱ्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जात. यातूनच ‘ब्रिज व्हिस्ट’ आला.

यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. वाटणाऱ्याने हुकूम जाहीर न करता अधिकार भिडूकडे सोपवला, की भिडूला कळे: याच्याकडे विशेष काही नाही. काहीच न बोलण्यालाही अर्थ आला. भागीदारीतील बोलीच्या भाषेतला हा जणू पहिला शब्द.

त्या काळची गुणपद्धती पाहा. सहा हातांच्या वर मिळवलेल्या प्रत्येक हाताला इस्पिक हुकूम असेल तर २ गुण, किलवरला ४, चौकटीला ६, बदामाला ८ आणि बिनहुकूम खेळाला १२ गुण. गेम पुरी करायला ३० गुण लागत. आता आपली पाने पुन्हा पाहा. पाच इस्पिके, त्यांत एक्का आणि राजा. पण इस्पिक हुकूम केला आणि दहा हात मिळवले तरी मिळणार फक्त ८ गुण. तेव्हाच्या जाणत्या खेळाडूने ही पाने उचलली असती तर चौकट कच्ची असूनही त्याचा ओढा बिनहुकमाकडेच राहिला असता. पाने तीच, पण त्यांचे मोल गुणांच्या तक्त्याने ठरवले.

यापुढचे पाऊल भारतात पडले, असे ब्रिजचे संदर्भग्रंथ सांगतात. एका आडबाजूच्या ठाण्यावर नेमलेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील तीन इंग्रज अधिकाऱ्यांना चौथा भिडू मिळेना. तिघांतच खेळायचे तर हुकूम कोणी ठरवायचा? त्यांनी तो अधिकार लिलावात काढला. ‘ऑक्शन ब्रिज’वरील सुरुवातीची एक पुस्तिका १९०४ मध्ये अलाहाबादहून ‘जॉन डो’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तिघांसाठी केलेली ही सोय चौघांच्या खेळात घेतली गेली, आणि वाटणाऱ्याची मक्तेदारी संपली. आता चारही खेळाडू बोली चढवू शकत होते.

सुरुवातीच्या नियमांनुसार वाटणाऱ्याला काहीतरी बोलावेच लागे. नाइलाजाने बोलणारा ‘एक इस्पिक’ म्हणे, कारण दोन गुणांच्या त्या बोलीत नुकसानीची भीती सर्वांत कमी होती. थोड्याच काळात ‘एक इस्पिक’चा अर्थ ‘माझ्याकडे इस्पिके आहेत’ असा न राहता ‘मला काही सांगायचे नाही’ असा झाला. बोलीचा अर्थ तिच्या शब्दांपासून सुटा होऊ शकतो, याचे हे आरंभीचे उदाहरण. पुढे इस्पिकाचे गुण वाढवून ९ करण्यात आले. किलवर ६, चौकट ७, बदाम ८, इस्पिक ९, बिनहुकूम १० हा ऑक्शनचा स्थिर तक्ता झाला. रंगांचा हाच चढता क्रम आजही टिकून आहे.

३. किंमत म्हणून बोली: ऑक्शन आणि अठ्ठावीस

ऑक्शन ब्रिजमधील डावपेच समजण्यासाठी एकच नियम पुरेसा आहे. बोली पुरी केली, की जास्तीचे हातही गेमसाठी मोजले जात. आपल्या पानांवर तुम्ही ‘एक इस्पिक’ म्हणालात आणि बाकी सर्वांनी पास दिला. तुम्हाला दहा हात मिळाले, तर सहाच्या वरच्या चार हातांचे ३६ गुण आणि गेम पुरी. मग ‘चार इस्पिक’ म्हणण्यात काय हशील? काहीच नाही, उलट धोका आहे. म्हणून ऑक्शनमधले शहाणपण एका ओळीत सांगता येते: प्रतिस्पर्ध्याला हटवण्यापुरते बोला, त्याहून एक पायरीही वर जाऊ नका. बाजारात घासाघीस करून कमीत कमी दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकासारखा हा प्रकार आहे.

अशा ‘किंमत’ स्वरूपाच्या बोलीचा आपल्याकडील ठळक नमुना म्हणजे केरळमधील ‘अठ्ठावीस’. बंगालमध्ये लोकप्रिय असलेला ‘एकोणतीस’ हा त्याचा भाऊबंद. सत्तीपासून वरची बत्तीस पाने घेऊन चौघे दोन जोड्यांत खेळतात. गुलाम सर्वांत मोठा, त्याला ३ गुण. नव्वीला २, एक्क्याला १, दश्शीला १. एका रंगाचे सात गुण, चार रंगांचे अठ्ठावीस. प्रत्येकाला आधी चार पाने देतात आणि बोली तेवढ्यावरच लावायची असते. निदान १४ गुण जिंकण्याची बोली लावावी लागते. बोली जिंकणारा हुकमाचे पान उपडे ठेवतो आणि मगच उरलेली चार पाने वाटली जातात.

इथे बोलीतून भिडूला काय कळते? फक्त एक आकडा. रंग कळत नाही, कारण हुकूम झाकलेला असतो. शिवाय बोलणाऱ्यालाही स्वतःची अर्धी पाने माहीत नसतात. म्हणून अठ्ठाविसातील कौशल्य अंदाजाचे आहे: हातात एकाच रंगाचा गुलाम आणि नव्वी असेल तर पुढच्या चार पानांवर किती भरवसा ठेवायचा, आणि प्रतिस्पर्ध्याला किती चढवून मग सोडून द्यायचे. हा कमी दर्जाचा खेळ नव्हे. बोली जाणीवपूर्वक मुकी ठेवल्यामुळे सगळी गंमत पुढे पाने खेळताना आणि झाकलेला हुकूम ओळखताना येते. ब्रिज याच्या नेमका उलट दिशेने गेला.

४. १९२५: एका नियमाने बदललेला खेळ

फ्रान्समध्ये ‘प्लाफाँ’ नावाचा प्रकार खेळला जाई. त्यात बोललेलेच हात गेमसाठी धरले जात, जास्तीचे हात धरले जात नसत. भारतातील इंग्रज मंडळींतही १९१२ च्या सुमारास अशाच कल्पनेचा एक खेळ सुरू झाला होता. पण या कल्पनेला टिकाऊ रूप दिले ते अमेरिकन उद्योगपती हॅरल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट यांनी. १९२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘फिनलंड’ या जहाजावरून लॉस एंजलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाकडे जाताना त्यांनी सोबतच्या मित्रांबरोबर नवी गुणपद्धती वापरून पाहिली. बोललेल्याच हातांवर गेम, मोठ्या बोलींना भरघोस बक्षीस, आणि एक गेम जिंकलेल्या जोडीला चुकीची जबर शिक्षा. अशा जोडीला काय म्हणावे, असा प्रश्न पडला तेव्हा प्रवासातील एका तरुणीने ‘व्हल्नरेबल’ हा शब्द सुचवला. तो कायम झाला. थोड्याच वर्षांत ‘काँट्रॅक्ट ब्रिज’ने ऑक्शनला मागे टाकले.

या बदलाचा परिणाम आपल्या पानांवर तपासू. तुम्ही ‘एक इस्पिक’ म्हणालात, भिडू ‘दोन इस्पिक’ म्हणाला. आता ‘चार’वर जायचे का? आजच्या स्पर्धांतील डुप्लिकेट गुणपद्धतीने हिशेब असा होतो. तुम्ही व्हल्नरेबल नाही असे धरू. ‘चार’ बोलून दहा हात केले तर ४२० गुण. ‘तीन’वर थांबून दहा हात केले तर १७०. म्हणजे धाडसाचा फायदा २५०. उलट नऊच हात झाले तर ‘तीन’वाल्याला १४० मिळतात आणि ‘चार’वाल्याचे ५० जातात. म्हणजे धाडसाचा तोटा १९०. २५० मिळवण्यासाठी १९० पणाला लावायचे, तर दहा हात होण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के असली तरी पुरे. व्हल्नरेबल असाल तर हेच आकडे ४५० आणि २४० होतात, आणि ३५ टक्के शक्यताही पुरते.

हा हिशेब स्वतः कागदावर करून पाहा, कारण काँट्रॅक्ट ब्रिजच्या डावपेचांचा तो पाया आहे. निम्म्याहून कमी शक्यता असतानाही गेम बोलावी, हे ऐकायला उतावळेपणाचे वाटते, पण ते गणित आहे. ऑक्शनमध्ये शहाणपण थांबण्यात होते; काँट्रॅक्टमध्ये नेमके कुठे थांबावे हे ओळखण्यात आले. आणि ते एकट्याने ओळखता येत नाही, कारण निम्मी माहिती भिडूच्या हातात असते. म्हणून बोलीला बोलके व्हावे लागले.

५. व्याकरणाची रचना

एली कल्बर्टसन यांनी ही गरज सर्वांत आधी ओळखून तिचा व्यवसाय केला. १९२९ मध्ये त्यांनी ‘द ब्रिज वर्ल्ड’ हे मासिक काढले आणि १९३० मध्ये ‘ब्लू बुक’ हे पुस्तक. पानांचे मोल ते ‘ऑनर ट्रिक’ या मापाने करत. एकाच रंगाचा एक्का-राजा म्हणजे २, राजा-राणी म्हणजे १, एकटा एक्का १. आपल्या पानांत अशा ४ ऑनर ट्रिक भरतात, आणि सुरुवात करायला साधारण अडीच पुरत. त्याहून महत्त्वाची होती ती ‘फोर्सिंग’ बोलीची कल्पना: काही बोली अशा की त्यांवर भिडूने पास द्यायचाच नाही. अशी बोली अंतिम करार नसते, ती संवाद चालू ठेवते. बोली म्हणजे देऊ केलेली किंमत, ही जुनी समजूत इथे मागे पडली.

न्यूयॉर्कचे जुने नामवंत खेळाडू सिडनी लेन्झ आणि त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञांनी यापेक्षा वेगळी ‘ऑफिशियल’ पद्धत पुढे केली होती. डिसेंबर १९३१ ते जानेवारी १९३२ या काळात दोन्ही बाजूंत १५० रबरांचा सामना झाला. महामंदीच्या त्या हिवाळ्यात अमेरिकी वृत्तपत्रे पत्त्यांच्या या सामन्याच्या बातम्या रोज छापत होती. कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकले. एवढ्यावरून त्यांची पद्धत श्रेष्ठ ठरली का? नाही. रबर ब्रिजमध्ये कोणाला कशी पाने येतात याचा वाटा मोठा असतो. पण लोकांनी तो निकाल मानला, आणि घराघरांत कल्बर्टसनची भाषा बोलली जाऊ लागली. भाषेच्या प्रसारात तिच्या गुणांइतकाच तिच्या प्रतिष्ठेचा हात असतो, हे इथेही दिसते.

ऑनर ट्रिकचे माप सामान्य खेळाडूला अवघड जाई. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ ही मोजणी ऑक्शनच्या काळापासून माहीत होती आणि मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जात होती. तिच्यात रंगांच्या लांबी-आखूडपणाची भर घालून चार्ल्स गोरेन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती सर्वत्र नेली. एखाद्या रंगाची दोनच पाने असतील तर १ गुण, एकच असेल तर २, एकही नसेल तर ३. आपली पाने मोजा: इस्पिकांत ७, बदामांत ५, किलवरांत ४, आणि दोनच चौकटींचा १. एकूण १७. इस्पिक किंवा बदाम हुकमावर गेमसाठी दोघांचे मिळून साधारण २६ लागतात. भिडूच्या ‘दोन इस्पिक’चा अर्थ ‘माझ्याकडे ७ ते १० गुण आहेत’ असा ठरला असेल, तर एकूण २४ ते २७ होतात. म्हणून तुम्ही ‘तीन इस्पिक’ म्हणता. याचा अर्थ ‘नऊ हात करू’ इतकाच नाही. ‘तुझे गुण सातच्या बाजूचे आहेत की दहाच्या?’ असा तो प्रश्न आहे. भिडू पास देईल किंवा ‘चार’ म्हणेल, आणि दोन्ही वेळा उत्तर मिळेल.

६. शब्दांची टंचाई

या भाषेची अडचण अशी की तिचा शब्दसंग्रह फार तोकडा आहे. सात पायऱ्या, प्रत्येकीवर चार रंग आणि बिनहुकूम, म्हणजे फक्त ३५ बोली. त्याशिवाय पास, डबल आणि रिडबल. दुसरीकडे एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे वेगवेगळे संच ६३,५०१ कोटींहून अधिक. वर आणखी एक बंधन: प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. एकदा ‘चार’वर गेलात की ‘तीन’चे सगळे शब्द त्या डावापुरते संपले.

म्हणून तज्ज्ञांनी कमी उपयोगाच्या बोलींना नवे अर्थ दिले. प्रतिस्पर्ध्याच्या छोट्या बोलीवर लगेच दिलेला डबल शिक्षेसाठी क्वचितच लागतो. मग त्याचा अर्थ ‘भिडू, उरलेल्या रंगांपैकी तुझा रंग सांग’ असा ठरवण्यात आला. अमेरिकेचे ईझ्ली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये ‘चार बिनहुकूम’ला ‘तुझ्याकडे एक्के किती?’ असा अर्थ सुचवला. पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. इथे किलवर म्हणणाऱ्याचा किलवरांशी काहीही संबंध नसतो.

याच वाटेने ‘एक किलवर’ ही सर्वांत स्वस्त बोली मोठ्या पानांसाठी राखून ठेवणाऱ्या पद्धती आल्या. पहिली व्हँडरबिल्ट यांचीच. पुढे सी. सी. वेई यांच्या ‘प्रिसिजन’ पद्धतीने तैवानचा संघ १९६९ मध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. तर्क सरळ आहे: ज्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे त्याने तळापासून बोलायला सुरुवात करावी. पोलंडमधील काही सिद्धांतकार त्याहून पुढे गेले. सर्वांत स्वस्त उच्चार तर ‘पास’ आहे. मग चांगल्या पानांवर पास द्यावा आणि हलक्या पानांवर बोलावे! तर्काने हे बिनतोड होते. पण समोरच्यांना त्याची तयारी करणे फार जड जाई, म्हणून जागतिक संघटनेने अशा पद्धतींवर निर्बंध घातले.

७. खोटे चालते, गुपित चालत नाही

आता व्हिस्टच्या काळापासून चालत आलेल्या प्रश्नाकडे वळू. दोघांनी आपसात शब्दांचे अर्थ ठरवून घेणे आणि लबाडी, यांत फरक कोणता?

ब्रिजच्या नियमांनी दिलेले उत्तर नेमके आहे. भिडूंनी हवा तो अर्थ ठरवावा, पण तो प्रतिस्पर्ध्यांनाही माहीत असला पाहिजे. त्यांनी विचारले तर सांगितला पाहिजे. आणि अर्थ फक्त बोलीतून आणि पानांतून कळवावा. आवाजातून, अडखळण्यातून, बोटांतून नव्हे. याची दुसरी बाजू अशी की खोटे बोलायला पूर्ण मुभा आहे. हातात एकही मोठे पान नसताना तुम्ही जोरदार बोली देऊ शकता. १९३० च्या दशकात डोरोथी राइस सिम्स यांनी अशा ‘सायकिक’ बोलींवर पुस्तकच लिहिले. अट एकच: तुमचा भिडूही प्रतिस्पर्ध्यांइतकाच फसला पाहिजे. त्याला आतून ठाऊक असेल, तर ते खोटे राहत नाही; ते गुपित होते, आणि गुपिताला बंदी आहे.

हे तत्त्व राबवणे किती कठीण ते १९६५ मध्ये ब्युनॉस आयर्स येथील जागतिक स्पर्धेत दिसले. ब्रिटनचे टेरेन्स रीस आणि बोरिस शॅपिरो यांच्यावर, पाने धरण्याच्या बोटांच्या संख्येतून बदामांची संख्या कळवल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले. ब्रिटनमधील चौकशीने पुढच्या वर्षी आरोप सिद्ध झाला नाही असा निष्कर्ष काढला. दोघांनीही आरोप कायम नाकारला. १९७५ मध्ये बर्म्युडातील स्पर्धेत भिडूंमध्ये आडवा पडदा लावला गेला, तर तिथे टेबलाखालच्या पायांच्या हालचालींवरून वाद उभा राहिला, आणि टेबलाखालीही आडोसा करावा लागला. त्याआधी १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बोलीची छापील पाने ठेवण्याची पेटी निघाली होती. आज स्पर्धांत ‘दोन इस्पिक’ असे तोंडाने म्हणत नाहीत. पेटीतले पान काढून समोर ठेवतात. आवाजातला चढउतार त्यामुळे बाद झाला.

यातील गंमत पाहा. बोलीची भाषा जसजशी समृद्ध होत गेली, तसतसे बोलणाऱ्यांना मुके करावे लागले. कारण भाषेची किंमत तिच्या उघडेपणावर होती.

८. गुण बदलले की डावपेच बदलतात

शेवटचे उदाहरण १९८७ च्या नियमबदलाचे आहे. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल आहेत आणि ‘सात इस्पिक’ बोलून ते तेरा हात करणार आहेत. त्यांना २,२१० गुण मिळतील. तुम्ही व्हल्नरेबल नाही. जुन्या नियमाने डबल झाल्यावर पहिल्या चुकलेल्या हाताला १०० आणि पुढच्या प्रत्येकाला २०० गुण जात. म्हणजे तुम्ही ‘सात बिनहुकूम’ अशी अशक्य बोली देऊन तेरापैकी केवळ दोन हात केलेत, अकरा हात चुकलात, तरी जाणार २,१००. हरूनही तुम्ही ११० गुणांनी फायद्यात! उत्तम बोली लावणाऱ्या जोडीला बेधडक बोलीने असे लुटणे अन्यायाचे होते. १९८७ पासून चौथ्या चुकलेल्या हातापासून दर हाती ३०० गुण जातात. त्याच अकरा हातांची किंमत आता २,९०० आहे. एका आकड्यातील बदलाने एक डावपेच बाद झाला.

समारोप

भारतात या विषयाला केवळ करमणुकीपलीकडचे महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवताना, तिच्यातील नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातील नशिबासारखाच असल्याचे म्हटले. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले. डुप्लिकेट पद्धतीत तीच पाने इतर टेबलांवरही खेळली जातात, त्यामुळे ‘पाने वाईट आली’ ही सबब उरत नाही. उरते ते त्या पानांवर दोघांनी एकमेकांना काय आणि किती अचूक सांगितले, आणि नंतर ती कशी खेळली.

मार्च २०२२ मध्ये पॅरिस येथे ‘नूक’ या संगणकप्रणालीने आठ जगज्जेत्या खेळाडूंवर मात केली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. पण त्या लढतीत बोली नव्हती; सर्व डावांत ‘तीन बिनहुकूम’ हा करार आधीच ठरवून दिला होता. पाने खेळण्यात यंत्र माणसाला वरचढ ठरले. बोलीत मात्र यंत्राला नुसता हिशेब करून भागत नाही. भिडूशी अर्थ ठरवायचा असतो आणि तो प्रतिस्पर्ध्यापुढे उघडा ठेवायचा असतो. अडचणीच्या ठाण्यावर तिघांनी चौथ्याची उणीव भरून काढण्यासाठी लिलाव मांडला, तिथून बोली इथवर आली आहे. पुढच्या वेळी तुम्ही ‘पास’ म्हणाल तेव्हा तुम्हीही काहीतरी सांगत असाल. त्याचा अर्थ भिडूला कळतो का, आणि तोच अर्थ समोरच्यांनाही ठाऊक आहे का, एवढे स्वतःला विचारा.

स्वाध्याय

१. ब्रिज व्हिस्ट, ऑक्शन आणि काँट्रॅक्ट या तीन खेळांत पाठातील तेरा पानांवर तुम्ही काय बोलाल? प्रत्येक उत्तरामागे गुणपद्धतीचा कोणता नियम आहे?

२. तुमच्या भागात खेळला जाणारा, बोली असलेला एखादा खेळ निवडा. त्यात बोली ही किंमत आहे की संवाद? उदाहरण देऊन लिहा.

३. ‘खोटी बोली चालते, पण गुप्त अर्थ चालत नाही.’ हा नियम तुम्हाला न्याय्य वाटतो का? दोन्ही बाजूंचा विचार करून मत मांडा.